दोन टीनएजर, दोन ऑफिसं, एक राउटर

फोंडेकरीण (जुलै २०२१)

ऑनलाइन शाळेचं हे दुसरं वर्ष. गोव्यातलं जुनं, जांभ्या चिऱ्याचं कौलारू घर, माणसं चार: मुलगा १६, मुलगी १३ आणि घरूनच काम करणारे आम्ही दोघं. ५० एमबीपीएसचं फायबर आहे, राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे. सकाळी दहाला चौघंही कॉलवर, आणि सव्वादहाला "कोण डाउनलोड करतंय रे?" ही आरोळी. मुलगा रात्री दोनला झोपतो आणि कॅमेरा बंद ठेवून अंथरुणातूनच हजेरी लावतो. फ्रीज दिवसातून वीसदा उघडतो, बंद मात्र एकोणीसदाच होतो. उपदेश नको, तो घरात मुबलक आहे. करता येण्यासारखं काही सांगा.

चिरेबंदी

ताई, आरोपपत्र ठेवण्याआधी मोजून घ्या. दहा वाजता एकदा राउटरशेजारी आणि एकदा मुलाच्या खोलीत दार लावून स्पीड टेस्ट करा. शेजारी ४५ आणि खोलीत ४ आले, तर कंपनीला फोन करून उपयोग नाही. गुन्हेगार भिंत आहे. चिरा सच्छिद्र असतो, पावसात पाणी पितो, आणि ओली भिंत सिग्नल जास्त खाते. त्यातही राउटरच्या दोन सिग्नलांपैकी ५ गिगाहर्ट्झचा वेगवान पण नाजूक. एका जाड भिंतीतच दमतो. २.४ वाला हळू, पण पलीकडे पोचतो. राउटरच्या सेटिंगमध्ये दोघांना वेगळी नावं द्या. हॉलमधल्यांनी ५ वर राहायचं, आतल्या खोल्यांनी २.४ वर. आणि तो राउटर आधी टीव्हीमागून काढा. घराच्या मध्यावर, डोक्याच्या वर ठेवा, लोखंडी कपाटापासून लांब.

दुसरं, डाउनलोडवरून सगळे भांडतात, अपलोड कोणी बघत नाही. चांगल्या चित्राचा एक व्हिडिओ कॉल वर पाठवायलाच साधारण एक ते दीड एमबीपीएस घेतो, म्हणजे चौघांचे चार ते सहा. प्लॅनमध्ये अपलोड किती आहे ते बघा. त्यात कोणाचा फोन चार्जिंगला लावल्या लावल्या फोटोंचा बॅकअप सुरू झाला की सगळ्यांचे चेहरे गोठतात. बॅकअप दिवसा बंद. बहुतेक वेळा तो फोन मुलांचा नसून बाबांचा निघतो, हे जाता जाता.

पावसात वीज जाणारच. राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट १ अँपिअर असं काहीतरी लिहिलेलं असतं. तेवढ्याच व्होल्टचा आणि निदान तेवढ्या अँपिअरचा छोटा यूपीएस घ्या. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप लागतो. लोक हा विसरतात आणि मग वायफायचे दांडे भरलेले, नेट गायब.

शीतकडी

फ्रीजबद्दल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात १६ ते १८ वयाच्या मुलाला दिवसाला ३३२० किलोकॅलरी सांगितल्यात, बैठं काम करणाऱ्या पुरुषाला २११०. म्हणजे ताटावर तुमचा मुलगा दीड बाबा आहे. मैदान बंद असल्याने गरज थोडी कमी धरा, पण शीत (भात) चौघांचं नव्हे, साडेचारांचं लावा. अकरा वाजता ठरलेलं खाणं द्या: दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर उसळ, सोबत पाव. ते चुकलं की साडेअकराला फरसाणाचा डबा रिकामा होतो आणि एकला "भूक नाही."

मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद, तेव्हा पुरुमेंताच्या (पावसाळी साठवणीच्या) डब्यातलं गलमो (सुकी बारीक कोळंबी) काढा आणि किसमूर, म्हणजे त्याची कोशिंबीर, मुलांनाच करू द्या. एक वाटी गलमो निवडून, वाळू झटकून मंद आचेवर चार-पाच मिनिटं भाजायचं. आच मोठी झाली तर कडवट होतं. थंड झालं की अर्धी वाटी खोबरं, अर्धा कांदा बारीक चिरून, अर्धा चमचा तिखट, चमचाभर चिंचेचा कोळ. मीठ चाखूनच, सुकं मुळात खारट असतं. कालवायचं पानं वाढल्यावर. आधी कालवलं की मऊ पडतं, मग कोणी बघत नाही.

आणि कडीचं वाटप (ओला मसाला) साडेनऊच्या आत वाटून ठेवा. नाहीतर माइक उघडा राहिला की तुमचा मिक्सर सगळ्या वर्गाला ऐकू जातो. वीज गेल्यावर तोच मिक्सर इन्व्हर्टरवर लावलात तर ओव्हरलोड होऊन पंख्यासकट सगळं बंद.

पहाटपाळी

दोनला झोपणं हा सगळा हट्ट नाही. या वयात मेलाटोनिन तास-दोन तास उशिरा स्रवतं आणि झोप मात्र आठ ते दहा तास लागते. त्यामुळे "दहाला झोप" म्हणून काही होत नाही, पोरगं अंधारात छत बघत पडतं. उठायची वेळ धरा. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. रविवारी तासाभराहून जास्त सूट नको, नाहीतर सोमवारी पुन्हा पहिला अध्याय.

उठल्यावर उजेड हवा. पावसात जुन्या घरात दिवसासुद्धा दिवा लागतो, तेव्हा वीस मिनिटं बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीत) बसवा. सर्वांत सोपं म्हणजे पोदेराची (पाववाल्याची) जबाबदारी त्याच्यावर टाका. भोंपू वाजला की मास्क लावून रस्त्यावर जायचं आणि उंडे मोजून आणायचे. चुकला तर घराला पाव नाही, आणि ही शिक्षा बहीण करते, आईला तोंड उघडावं लागत नाही.

गडबड होते ती दुपारी. शीत-कडीनंतरची दोन तासांची झोप रात्रीची झोप खाते. वीस-पंचवीस मिनिटं, तीही तीनच्या आत. (हा नियम गोव्यात मोठ्यांना लावणं अवघड, कल्पना आहे.) रात्री फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात. "मग अलार्म?" हा प्रश्न येईलच. सेलवरचं गजराचं घड्याळ आधीच आणून ठेवा.

फोंडेकरीण

बॅकअप बाबांचाच निघाला. कपाटात एक जुना राउटर पडून आहे, तो आतल्या खोलीत चालेल?

चिरेबंदी

चालेल. त्याचा डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा. पहिल्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, अर्थात तो दुसऱ्या कुठल्या यंत्राला दिलेला नाही हे बघून. पहिल्या राउटरकडून आलेली केबल याच्या लॅनच्या भोकात घाला, वॅनच्या नव्हे. डीएचसीपी दोन्हीकडे चालू राहिला तर फोन "कनेक्टेड" म्हणतो आणि पान उघडत नाही.

केबल भिंतीवरून, वाशांच्या कडेने न्या. माळ्यावर उंदीर असतील तर पीव्हीसी नळीतून. तयार प्लगची केबल असेल तर भोक १६ मिलीमीटरचं लागेल, चिऱ्यात सहज पडतं. फक्त दहा ते एक ड्रिल लावू नका. सत्तरी तालुक्यातली पोरं नेटवर्कसाठी डोंगर चढतायत, तुमच्याकडे भिंतच आहे.