मॉस्किटो पळायचं ते लाकडामुळे, की गन काढल्यामुळे?

रंधा: मॉस्किटो, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश बॉम्बफेकी विमान, म्हटलं की 'ते लाकडी विमान' एवढंच लोकांच्या लक्षात असतं. लाकडाला फुकटचं श्रेय मिळतंय. ते बनवणाऱ्या डी हॅविलँड कंपनीची खरी पैज वेगळी होती: टरेट (गन बसवलेला फिरता घुमट) नाही, गनर नाही, दोन मर्लिन इंजिनं आणि आत दोनच माणसं. टरेट काढला की गोळ्या, गनर आणि हे सगळं वाहून नेणारं इंधन, तिन्हींचं वजन जातं. रेडिएटर पंखाच्या पुढच्या कडेत लपवले, त्यानेही हवेचा अडथळा घटला. पहिला नमुना 25 नोव्हेंबर 1940 ला उडाला आणि चाचण्यांत ताशी 388 मैलांवर गेला. अ‍ॅल्युमिनियमचं केलं असतं तरी पळालंच असतं.

बाल्सा: पळालं असतं, पण कधी? 50 विमानांचा करार 1 मार्च 1940 चा, म्हणजे नऊ महिन्यांत विमान हवेत. पत्र्याचे कारागीर आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही इतर विमानांत अडकलेले. फर्निचरवाले सुतार मोकळे होते. विमानाचं धड उभं चिरल्यासारखे दोन अर्धे वेगवेगळे बनवायचे. साच्यावर बर्च प्लायचा थर, त्यावर हलकं बाल्सा लाकूड, वर पुन्हा प्लाय, आणि डिंक धरेपर्यंत धातूच्या पट्ट्यांनी आवळून ठेवायचं. केबल, नळ्या उघड्या अर्ध्यांतच बसवून मग जोडणी. बंद धडात वाकून हात घालायची कटकट नाही. रिव्हेट नाहीत, वर डोप (कापड ताणून घट्ट करणारं रोगण) दिलेलं मदापोलम कापड (नाव आंध्रातल्या गावाचं, जात आपल्या मांजरपाटाची). हा गुळगुळीतपणा वेगात धरणार की नाही?

रंधा: धरतो. पण फेब्रुवारी 1941 मध्ये बॉस्कोम्ब डाऊन या इंग्लंडमधल्या चाचणी-तळावर खडबडीत जमिनीत शेपटीचं चाक अडकलं आणि त्याच नमुन्याचं धड तडकलं, तेही धरा.

बाल्सा: दुसऱ्या नमुन्याचं धड बसवून ते पुन्हा उडवलं. पुढे मागच्या झडपेच्या वर लाकडी पट्टी ठोकली, विषय संपला.

खळ: भारतात नाही संपला. 1944 च्या शेवटी इथे पंख निकामी होऊन अपघात झाले, वरचं प्लाय स्पारपासून (पंखातल्या मुख्य तुळईपासून) सुटलेलं सापडलं. दुधातल्या केसीनचा डिंक आणि आपला पावसाळा, आणखी काय होणार?

बाल्सा: हे अर्धवट आहे. कंपनीच्या माणसांनी पावसात लाकूड आकसल्याचं कारण दिलं. पण पुढच्या तपासात इंग्लंडमधल्या, पावसाळा न पाहिलेल्या विमानांतही तसेच सांधे निघाले. कारखान्यात सांधा नीट बसलाच नव्हता. स्पारवरच्या शिवणीवर प्लायची पट्टी चिकटवणं हा उपाय ठरला. डिंकही केसीनऐवजी फॉर्मल्डिहाइडचा, कृत्रिम आला.

खळ: मान्य. पण सांधा कच्चा असेल तर केसीन त्याला सांभाळून घेत नाही. ओल धरतं, बुरशी लागते. कारखान्याची चूक इथल्या हवेत आधी उघडी पडली, एवढं तरी कबूल करा.