१४ जणींच्या सोरोरिटीत जाऊ का?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. मी नाशिकची, अपस्टेट न्यूयॉर्कमधल्या एका छोट्या कॉलेजात सेकंड इयरला आहे. बायोलॉजी. कॉलेजात जेमतेम २,००० मुलं, मराठी मी एकटीच. लॅबमध्ये एक तेलुगू मुलगा आहे. आम्ही हिंदीत सुरू करतो आणि दुसऱ्या वाक्याला इंग्रजीवर येतो.

मला एका सोरोरिटीकडून (कॉलेजातल्या मुलींची सभासद-संघटना) बिड आली आहे, म्हणजे 'ये आमच्यात' असं रीतसर बोलावणं. पुढच्या शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. सोरोरिटी लोकल आहे: फक्त आमच्याच कॉलेजात, वर नॅशनल ऑफिस नाही, स्वतःचं घर नाही. डॉर्मचा एक मजला आणि तिथलं सामाईक किचन. मुली १४.

रशला, म्हणजे नव्या मुली निवडायच्या गाठीभेटींना, गेले ती रूममेटने ओढत नेलं म्हणून, आणि पिझ्झा फुकट होता म्हणून. पेपरोनीशिवाय काही नव्हतं, मी नुसत्या ब्रेडस्टिक चघळत बसले. पुढच्या आठवड्यात गेले तर एक वेगळा चीज पिझ्झा, बॉक्सवर मार्करने माझं नाव, आणि स्पेलिंग बरोबर! मृण्मयी हे नाव इंग्रजीत लिहून बघा म्हणजे कळेल. माझ्या ॲडव्हायझरला अजून जमलेलं नाही.

आईने अलाबामा विद्यापीठाची रील्स पाहिलीत. तिथे दर ऑगस्टला दोन हजारांवर मुली रश करतात, एकसारखे कपडे, दारात नाच. आई म्हणते, यासाठी कर्ज काढलं का? ड्यूज, म्हणजे वर्गणी, सेमिस्टरला २२५ डॉलर आहेत. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसमध्ये आठवड्याला २० तास काम करता येतं, लायब्ररीच्या पैशांत ते भागेल. खरी धास्ती वेगळी आहे. यांना फोटोत एक सावळा चेहरा हवा म्हणून तर मला घेत नाहीयेत ना? पहिलं वर्ष मी जवळपास खोलीतच काढलं. परत तसं नकोय, पण शोभेची बाहुलीही व्हायचं नाहीये.

पक्का पुणेकर
२२५ डॉलरमध्ये सदाशिव पेठेत पाच-सहा महिने दोन वेळची मेस होते. आमच्या वेळी मैत्री टपरीवर कटिंगवर व्हायची, पावती फाडावी लागत नसे. शिवाय रॅगिंगचं काय? २०१७ साली पेन स्टेट विद्यापीठात फ्रॅटर्निटीत (मुलांची अशीच संघटना) नव्या आलेल्या मुलाला दारू पाजली, तो जिन्यावरून पडला आणि गेला. पेपरात वाचलं होतं.
हलके घ्या. पण विचार करून घ्या.

मिरजवाली
मृण्मयी, मी ओहायोत अशाच छोट्या कॉलेजात शिकले, आता कोलंबसला नोकरी करते. आमचं चॅप्टर, म्हणजे सोरोरिटीची शाखा, नॅशनल होतं, पण पंचवीस मुलींच्या वर कधी गेलं नाही.

पहिलं सेमिस्टर मला काही आपलंबिपलं वाटलं नाही. बिड डेला सगळ्या गळ्यात पडून रडत होत्या आणि मी टी-शर्टचं लेबल मानेला खुपतंय म्हणून वळवळत होते. पुढे लहानपणीची कार्टून्स आणि समर कॅम्प हे विषय निघाले की मी गप्प. सगळ्यांबरोबर हसायचं आणि खोलीत येऊन गूगल करायचं.

मग मला ट्रेझरर केलं. इंडियन म्हणजे गणित पक्कं, हा त्यांचा समज; बारावीला किती पडले होते ते मी सांगितलं नाही. दर रविवारी रात्री चॅप्टर मीटिंग. रॉबर्ट्स रूल्सप्रमाणे ठराव, अनुमोदन, मतदान, आणि हे सगळं कशासाठी, तर टी-शर्टचा जांभळा नक्की कोणता. पाऊण तास! पण वही माझ्याकडे, त्यामुळे मी पोचेपर्यंत मीटिंग अडायची.

त्यातच एकीचे ड्यूज थकले. तिच्या वडिलांचा कारखाना बंद पडला होता. नियमाने मीटिंगमध्ये तिचं नाव घ्यावं लागलं असतं. प्रेसिडेंट, माझी बिग (म्हणजे नव्या मुलीला नेमून दिलेली सीनियर) आणि मी, तिघींनी लाँड्री रूममध्ये मशीनवर बसून तिचे हप्ते ठरवले. बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून रिकामा ड्रायर चालू ठेवला होता. ते नाव आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्यानंतर कार्टूनच्या गप्पा निघाल्या की मी सरळ विचारायला लागले, हा कोण बाबा? कुणाला काही वाटायचं नाही, उलट लॅपटॉप उघडून दाखवायच्या.

तुलाही अशी बिग नेमून देतील. माझीने मला हेल्थ इन्शुरन्सचं बिल वाचायला शिकवलं, कोपे कुठला आणि डिडक्टिबल कुठला. मेणबत्त्यांचे ते सगळे विधी मी विसरले, हे नाही विसरले.

फोटोसाठी घेतात का? घेतात, काही ठिकाणी. बघ, तुला नुसतं मिरवायला बोलावतात की रटाळ कामांनाही. सोफा तिसऱ्या मजल्यावर चढवायला, बेक सेलचं टेबल सकाळी आठला मांडायला. पिझ्झावर नाव लिहिणारी कोण होती, तिला गाठ. आणि मध्येच सोडून गेलेली एखादी शोधून तिच्याबरोबर कॉफी पी. ती जे सांगेल ते हँडबुकात नसतं.

तोटाही ऐक. १४ जणींत लपायला जागा नसते. दोघींचं वाजलं की अख्ख्या मजल्याचे दोन तट. चार सीनियर पास झाल्या आणि नव्या दोनच आल्या की तिजोरीत खडखडाट. आमचं चॅप्टर मी गेल्यावर काही वर्षांत बंद पडलं, डोक्यावर नॅशनल असूनही. तुमच्यात तर तेही नाही. कार्यक्रमात कुणाला लागलं-खुपलं तर विमा कुणाचा, हे जरूर विचार.

ह्यूस्टनची काकू
पुणेकर, भीती खोटी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये इथे फेडरल कायदा झाला, स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्ट. रॅगिंगमध्ये दोषी ठरलेल्या संघटनांची नावं आता कॉलेजांना वेबसाइटवर टाकावी लागतात. मृण्मयी, ते पान काढून बघ गं. नाव नसलं म्हणजे सगळं आलबेल असं नाही, पण असलं तर प्रश्नच मिटला.

दुसरं, देसी सोरोरिटी. माझी मुलगी डेल्टा फाय ओमेगात होती. ती इथेच, ह्यूस्टन विद्यापीठात १९९८ साली निघाली. त्याच वर्षी ऑस्टिनला कप्पा फाय गॅमा आणि न्यूयॉर्क राज्यात सिग्मा सिग्मा रो. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर जे आले त्यांची मुलं तोवर कॉलेजात पोचली होती, त्यांना आपलं काहीतरी हवं होतं. तुझ्या कॉलेजात तसं काही असेल तर तेही बघ. पण आपली माणसं भेटली म्हणजे झालं, असं नसतं. माझी लेक तिथेही एकटीच मराठी. बाकी गुजराती, पंजाबी, मल्याळी. गरबा तिला तिथे जाऊन शिकावा लागला, आणि तिची बिग निघाली केरळची.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. देसी सोरोरिटी इथे नाही. कॉलेजच्या त्या पानावर आमच्यावालीचं नाव नाही. हँडबुक मागितलं, सेक्रेटरीने लगेच पाठवलं. नव्या मुलींचं सहा आठवड्यांचं वेळापत्रक त्यात आहे, फक्त एका शनिवारपुढे 'सरप्राइज' लिहिलंय. मी अडूनच बसले. बोलिंग आहे म्हणाली, पण बाकीच्यांना बोलू नकोस. सोडून गेलेली मुलगीही भेटली. सॉकरमुळे तिला रविवार जमेना, अजून जेवायला त्यांच्याच मजल्यावर जाते. विम्याचं विचारल्यावर मात्र प्रेसिडेंट गडबडली. दोन दिवसांनी कॉलेजकडून उत्तर आणलं: कॅम्पसवरच्या, आधी परवानगी काढलेल्या कार्यक्रमांपुरता कॉलेजचा विमा लागू. बाहेरच्या सहलींना मी जपूनच राहीन.

पिझ्झावालीचं नाव शिव्हॉन. आयरिश स्पेलिंग, त्यात इंग्रजी व्ही कुठेच नाही, तिचंही नाव कुणी धड लिहीत नाही. रशच्या यादीत माझं नाव बघून तिने पाठ केलं होतं म्हणे. मागच्या रविवारी तिने मला फोन करून बोलावलं, फ्रीज साफ करायला. मिरजवाली ताई, मी लगेच गेले!

आईला प्रेसिडेंटशी व्हिडिओ कॉलवर बोलायला लावलं. आईने पाठ केलेले प्रश्न बाजूला ठेवून विचारलं, "यू ऑल ईट प्रॉपर्ली?" ती म्हणाली, "नॉट रिअली." आईचं मत तिथेच फिरलं.

हो कळवलंय. आता दुसरा प्रश्न: पहिल्याच आठवड्यात पॉटलक आहे, म्हणजे प्रत्येकीने एक पदार्थ आणायचा. १४ अधिक आम्ही तीन नव्या. एक ओव्हन, दोन चालू बर्नर, एकीला शेंगदाण्याची ॲलर्जी. देसी दुकान रॉचेस्टरला, गाडी नाही. काय करू?

पक्का पुणेकर
दाणे नाहीत म्हणजे साबुदाण्याची खिचडी बाद. बटाट्याची भाजी कर, ब्रेडमध्ये भरून ओव्हनला टोस्ट कर, सॉस तिकडे मिळतोच. एका वेळी वीस होतील.
आणि २२५ डॉलरची पावती घे.