आल्प्सच्या घाटांसाठी कोणती गाडी घ्यावी : बॉक्सर, नेकेड की रेट्रो?

इसारतीर :
म्युनिकमधल्या मराठी मंडळींत मोठी मोटारसायकल घेण्याचा विषय निघाला की बीएमडब्ल्यूची जीएस, म्हणजे बॉक्सर इंजिनाची उंच, लांबच्या प्रवासाची गाडी घ्या, असा निकाल बहुधा चर्चेआधीच लागलेला असतो. माझे मत याच्या विरुद्ध आहे. जो माणूस शनिवार-रविवारी एकटाच आल्प्समध्ये जातो आणि फार तर एक रात्र मुक्काम करतो, त्याने डुकाटीच्या मॉन्स्टरसारखी हलकी नेकेड, म्हणजे वारा अडवणारे आवरण नसलेली, गाडी घ्यावी. २०२१ साली आलेली मॉन्स्टर ९३७ सीसीची, १११ अश्वशक्तीची आणि पेट्रोलसह साधारण १८८ किलोंची आहे, तर आर १२५० जीएस १३६ अश्वशक्तीची असली तरी २४९ किलोंची आहे. पॅनियर (सामानाच्या बाजूच्या पेट्या) लावण्याआधीच हा साठ किलोंचा फरक पडतो. इटलीतल्या स्टेल्व्हियो घाटात प्राटोच्या बाजूने ४८ हेअरपिन वळणे चढावी लागतात. इथे वाहने उजव्या बाजूने चालत असल्यामुळे उजवीकडची वळणे इतकी आवळलेली असतात की, वरून बस येत नाही ना हे पाहत, पहिल्या गिअरमध्ये अगदी सावकाश गाडी वळवावी लागते. अशा वेळी चढावर गाडी थांबली आणि पाय टेकायची जागा उताराच्या बाजूला आली, तर प्रत्येक किलो जाणवतो.

घाटमाथा :
तुम्ही वजनाचा आकडा दिलात, पण ते वजन कुठे आहे हे सांगितले नाही. बॉक्सर इंजिनाचे दोन्ही सिलिंडर आडवे असल्यामुळे वजनाचा मोठा भाग खाली राहतो आणि चाके फिरू लागली की जीएस तिच्या आकारावरून वाटते त्यापेक्षा कितीतरी सहज वळते. दुसरी गोष्ट टेलिलिव्हरची, म्हणजे जीएसच्या पुढच्या चाकाच्या वेगळ्या सस्पेन्शनची. साध्या फोर्कच्या गाडीत उतारावर पुढचा ब्रेक दाबला की नाक खाली जाते आणि मागे बसलेली व्यक्ती आपल्या पाठीवर येते; टेलिलिव्हरमध्ये ब्रेकचा जोर सस्पेन्शनपासून बराचसा वेगळा ठेवलेला असल्यामुळे गाडी जवळपास समतल राहते. मी पत्नीसह प्रवास करतो आणि स्टुटगार्टहून निघतो, म्हणजे पहिला घाट लागण्याआधी काही तास ऑटोबानवर जातात. तिथे १३० च्या वेगाने छातीवर वारा घेत, कदाचित पावसात, नेकेड गाडी चालवून पाहा आणि मग मत द्या. १९८० ची आर ८० जी/एस मुळातच रस्ता आणि कच्ची वाट या दोन्हींसाठी बांधली होती आणि १९८१ मध्ये ह्युबेर ओरिओल त्याच घराण्याच्या गाडीवर पॅरिस-डाकार ही वाळवंटातली शर्यत जिंकला. या गाडीमागे केवळ जाहिरात आहे असे समजू नये.

इसारतीर :
मागे कोणी बसणार असेल तर तुमचे म्हणणे मला मान्य आहे. मॉन्स्टरची मागची सीट दूरच्या प्रवासाची नाही. मात्र टेलिलिव्हरची जी बाजू तुम्ही गुण म्हणून मांडता, तीच मला खटकते. ओल्या डांबरावर वळणात शिरताना पुढच्या चाकाची पकड किती उरली आहे, हे साधा फोर्क हातांना अधिक स्पष्ट कळवतो. एकट्याने चालवणाऱ्याला ही जाणीव हवी असते, आणि म्युनिकहून डोंगर दीड तासावर असताना वाऱ्याचा मुद्दा तितका जड नाही.

कोमोकाठ :
आपण दोघेही वाद घालत आहात तो शंभराहून अधिक अश्वशक्तीच्या गाड्यांचा. घाटात ती शक्ती वापरायला मिळते कुठे? मी मिलानला राहतो आणि माझ्याकडे मोटो गुझ्झीची व्ही७ ही रेट्रो, म्हणजे जुन्या धाटणीची, गाडी आहे. कोमो सरोवराकाठच्या मांदेल्लो देल लारिओ या गावात १९२१ पासून ही कंपनी आहे. ८५३ सीसी, ६५ अश्वशक्ती, सीटची उंची ७८० मिलीमीटर, म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाचे दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकतात. मागचे चाक फिरवायला चेन नाही, शाफ्ट आहे; रेडिएटर नाही, इंजिन हवेवर थंड होते. व्ही इंजिन गाडीच्या लांबीला आडवे बसवलेले असल्यामुळे दोन्ही सिलिंडरची डोकी टाकीखालून बाहेर आलेली असतात. इंजिन थंड असताना झाकणाचे बोल्ट काढायचे, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवायचा, नट सैल करून स्क्रूने टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट करायचे; हे काम मी अंगणात बसून करतो. डुकाटीच्या डेस्मो रचनेत व्हॉल्व्ह स्प्रिंगने नव्हे तर वेगळ्या रॉकरने बंद होतो, त्यामुळे उघडण्याची आणि बंद होण्याची अशी दोन्ही अंतरे तपासावी लागतात. दर ३०,००० किलोमीटरला येणारे ते काम जाणकाराकडेच द्यावे लागते आणि त्याचे बिल चांगलेच असते. गाडी दहा-पंधरा वर्षे सांभाळायची असेल तर हा विचार आधी व्हायला हवा.

घाटमाथा :
तुमच्या गाडीचा साधेपणा मलाही आवडतो, पण दोन माणसे आणि सामान घेऊन चढावर ट्रकला मागे टाकायचे असते, तेव्हा ६५ अश्वशक्ती अपुरी पडते. ओव्हरटेक जितका लांबतो तितका धोका वाढतो, म्हणून शक्ती ही घाटात केवळ हौस ठरत नाही.

चाकणकर :
भारतातून नुकत्याच आलेल्या तरुणांसाठी एक गोष्ट नोंदवतो. जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यावर भारतीय परवाना सहा महिनेच चालतो, त्यानंतर इथला काढावा लागतो. वय २४ पेक्षा कमी असेल तर पूर्ण परवाना थेट मिळत नाही. ए२ हा मर्यादित शक्तीचा परवाना घेऊन ३५ किलोवॅटच्या आत राहावे लागते. त्यांनी या तिन्ही गाड्यांचा वाद बाजूला ठेवून आपल्या चाकणला बनणारी केटीएम ३९० ड्यूक पाहावी. मूळची ऑस्ट्रियन, वजनाने हलकी, आणि घाटातली वळणे घोटवून घ्यायला तिच्यासारखी गाडी नाही.

घाटमाथा :
इसारतीर, एक प्रश्न राहिला. ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या रॉयटे जिल्ह्यात २०२० च्या उन्हाळ्यापासून काही रस्त्यांवर, उभ्या स्थितीतला नोंदलेला आवाज ९५ डेसिबलपेक्षा जास्त असलेल्या मोटारसायकलींना मोसमात बंदी आहे. तिथल्या लेखटाल खोऱ्यासारखा रस्ता म्युनिककरांच्या वाटेवरच आहे. खेळकर इटालियन गाडी सुचवताना आपण हे सांगायला हवे होते.

इसारतीर :
हे सांगणे आवश्यकच आहे, पण ती अट इटालियन किंवा जर्मन असा भेद करत नाही. गाडीच्या नोंदणीपत्रात यू.१ या रकान्यात जो आकडा छापलेला असतो तोच धरला जातो. प्रत्यक्षात तुम्ही किती शांतपणे चालवता याला तिथे महत्त्व नाही, आणि हे मला अन्यायाचे वाटते. जुनी गाडी घेणाऱ्याने हा रकाना विक्रेत्याकडून आधी मागवून पाहावा, कारण एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत तो वेगळा असू शकतो. आकडा ९५ च्या आत असेल आणि मागची सीट रिकामी राहणार असेल, तर मी आजही १८८ किलोंचीच गाडी घ्यायला सांगेन.