तूट कमी करायची, पण कात्री लावायची कुठं?

माणदेशी (आटपाडी):
केंद्राच्या २०२५-२६ च्या बजेटात येणाऱ्या रुपयातले २४ पैसे कर्जाचे आणि जाणाऱ्या रुपयातले २० पैसे नुसत्या व्याजाचे. तूट, म्हणजे कमाईपेक्षा जास्त झालेला खर्च, जीडीपीच्या (देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या) ४.४ टक्के धरली होती, कोरोनाच्या साली ९.२ होती, म्हणजे उतरतीय हे खरं. पण तूट म्हटलं की लोक आधी रेशन, पेन्शनच बंद करा म्हणतात, तिथं माझं डोकं फिरतं. परवा आजीला पेन्शनसाठी बँकेत नेलं, जन्मभर खुरपणी केलेली म्हातारी, अंगठा मशीनवर उमटंना, पदर ओला करून पुसला, पाचव्यांदा लागला. गरीब म्हाताऱ्यांच्या या पेन्शनीत केंद्राचा वाटा ७९ वयापर्यंत महिना २०० रुपये, २००७ पासून तेवढाच! ह्यातून काय कापणार?

सांगलीकर_७७:
दादा, आजीचं कुणी काढून घेत नाही. पण ८० कोटी लोकांना फुकट धान्य, त्याचं बिल दोन लाख कोटींच्या घरात. आमच्या गल्लीत बुलेटवर येऊन रेशन नेणारे आहेत, ते मी रोज बघतो. आणि व्याजाचे २० पैसे आपली पोरंच भरणार ना? तोच पैसा शाळा-दवाखान्याला मिळाला असता.

माणदेशी:
बुलेटवाल्याचं नाव काढा की, मी कुठं अडवतोय. पण सप्टेंबर २०१९ ला कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, त्यात वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी सोडावे लागतील हा अंदाज सरकारचाच होता. तेव्हा तुटीची काळजी कुणी केली नाही.

कुपवाड_वर्कशॉप:
कर वाढवा म्हणणं सोपंय हो. कंपन्यांवर बोजा आला की पहिली ऑर्डर आमच्यासारख्या जॉबवर्कवाल्याची तुटते, मग माझ्याकडची सहा पोरं घरी बसणार. त्यांना रोजगार हमीवर पाठवू का?

तासगावची_मास्तरीण:
रोजगार हमीचा विषय निघालाच आहे तर सांगते, तिची सुरुवात आमच्याच तासगाव तालुक्यातल्या विसापुरातून झाली, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागेंनी केली. आणि पैसा कुठून आणायचा हे पण तेव्हाच ठरवलं, १९७५ ला व्यवसाय कर लावला, माझ्या पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात, तेवढीच भर सरकारनं घालायची असं ठरलं होतं. योजना आणली तर तिचा कर पण आणायचा, उधारीवर नाही. मला तर हाच रस्ता बरोबर वाटतो.

सांगलीकर_७७:
मॅडम, हे पटलं. पण त्या कराचा पैसा वर्षानुवर्षं शिल्लक राहिला आणि मजूर कामाची वाट बघत बसले, हे पण खरंय ना? कर मी देतो, पण तो त्याच कामाला गेला हे दिसलं पाहिजे, नाहीतर माझा विरोध कायम.
आणि माणदेशी, आजीचं डोळ्याचं किंवा चेहऱ्याचं स्कॅन चालतंय का बँकेत विचारा, अंगठ्यासाठी हेलपाटे नका घालू.