मदत हवी आहे: व्यसनाचा शिक्का आणि लांबणारा डोस

नमस्कार. नर्सिंग थिअरीच्या असाइनमेंटसाठी एक केस घेतली आहे आणि एका जागी अडले आहे. रुग्णाला ओपिऑइडचं (अफूच्या जातीच्या तीव्र वेदनाशामक औषधांचं) व्यसन होतं, उपचार म्हणून रोज मेथाडोन (हेही एक ओपिऑइडच) चालू आहे, आता पोटाचं ऑपरेशन झालंय. दुखतंय म्हणाला की स्टाफचं उत्तर ठरलेलं, ‘याला औषधाची चटकच आहे.’ गरजेनुसार द्यायचा डोस लिहिलेला असूनही लांबत राहतो.

खरं तर मेथाडोनच्या रोजच्या डोसने व्यसन सुटतानाचा त्रास दिवसभर आटोक्यात राहतो, पण वेदना कमी करणारा परिणाम साधारण ४ ते ८ तासच टिकतो. शिवाय अशा शरीराला ओपिऑइडची सवय झालेली असते, त्यामुळे नेहमीची मात्रा अपुरी पडू शकते. मग त्याचं दुखणं खोटं कसं धरायचं? औषध देताना योग्य रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग, वेळ हे आपण तोंडपाठ म्हणतो. इथे वेळ हुकते ती शिक्क्यामुळे, आणि मला तरी ती औषध देण्यातलीच चूक वाटते.

थिअरी म्हणून नर्सिंगच्या सिद्धांतकार जॉइस ट्रॅव्हलबी यांची घ्यावी असं वाटतं. ‘रुग्ण’ या लेबलापलीकडचा माणूस पाहा, हा त्यांचा आग्रह इथे नेमका बसतो. की नर्स-रुग्ण नात्याची थिअरी मांडणाऱ्या पेप्लाऊ जास्त योग्य?

दुसरं, ओपिऑइड देण्याआधी श्वासाचा वेग आणि गुंगी तपासायलाच हवी. मग ही काळजी आणि नुसता संशय यांतला फरक नोंदीत कसा दाखवायचा? ‘सारखा औषध मागतो’ऐवजी तुम्ही काय लिहिता? आणि सिनियर सिस्टरांशी हे कसं बोलता, तेही कृपया सांगा.