मदत हवी आहे : मुलाखतीच्या चित्रीकरणासाठी आधी लेन्स घ्यावी की दिवे?

नमस्कार. ज्येष्ठ मंडळींच्या आठवणी त्यांच्याच तोंडून चित्रित करून ठेवण्याचे काम मी वर्षभर हौसेने करीत आहे. फोर-के चित्रीकरण करणारा कॅमेरा घेऊनही चित्र सपाट, घरगुतीच दिसते, म्हणून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

कॅमेरा एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचा, लेन्स बदलता येणारा मिररलेस आहे, त्यावर सोबत आलेली 18-55 मिमी लेन्स असते, आणि एकुलते एक छोटे एलईडी पॅनेल मी कॅमेऱ्याच्याच डोक्यावर बसवतो. सेकंदाला 25 फ्रेम घेताना शटर (प्रत्येक फ्रेमला प्रकाश मिळण्याचा वेळ) 1/50 सेकंद ठेवतो. चेहरा जवळून घेण्यासाठी 55 मिमीपर्यंत झूम केले की अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाश आत घेणारे छिद्र; एफचा आकडा जितका लहान तितके ते मोठे) एफ 5.6 च्या पुढे उघडत नाही. मग आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) 3200 पर्यंत चढवावा लागतो आणि सावल्यांत दाणे दिसू लागतात. मागच्या मुलाखतीत आजींच्या एका बाजूला खिडकी होती आणि छताला पिवळा दिवा होता. त्यांचा एक गाल निळसर आला, दुसरा पिवळट. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार चित्राची रंगछटा जुळवणारी सोय) बदलून एक गाल सुधारावा, तर दुसरा बिघडे. चष्म्याच्या काचांत पॅनेलचे दोन पांढरे चौकोन चमकत होते, ते निराळेच.

तूर्त एकाच वस्तूवर खर्च करणे शक्य आहे. 50 मिमी, एफ 1.8 ची लेन्स घेतल्यास 5.6 च्या तुलनेत साडेनऊपटींहून जरा जास्त प्रकाश मिळेल आणि पार्श्वभूमीही धूसर होईल, म्हणून माझा कल तिकडे आहे. हा विचार बरोबर आहे का?

प्रतिसाद :

हिशेब बरोबर आहे, परंतु एवढ्या जवळून एफ 1.8 वर एक डोळा स्पष्ट आणि दुसरा पुसट येतो, आणि बोलण्याच्या भरात माणूस जरा पुढे झुकला की फोकस सुटतो. शिवाय दोन रंगांचे गाल कोणतीही लेन्स एक करणार नाही. खिडकीचा उजेड साधारण 5600 केल्व्हिनचा (हे उजेडाच्या रंगाचे माप; आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर) आणि पिवळा दिवा 3000 च्या आसपासचा असताना एकच व्हाइट बॅलन्स दोघांना पुरा पडत नाही, म्हणून छताचा दिवा सरळ बंद करावा. लांबलचक मुलाखतीत खिडकीवरही विसंबू नये. एक ढग आला की चित्र बदलते.

सपाटपणाचे कारण कॅमेऱ्यावर बसलेले पॅनेल आहे. ते स्टँडवर घेऊन चेहऱ्याच्या एका बाजूस सुमारे 45 अंशांत, डोळ्यांच्या बरेच वर लावावे आणि त्याच्यापुढे हातभर रुंदीचे पांढरे पातळ कापड ताणावे. कापड उजेड खाते, पण पॅनेलचे चेहऱ्यापासूनचे अंतर 2 मीटरवरून 1 मीटरवर आणल्यास प्रकाश जवळपास चौपट होतो, त्यामुळे नुकसान भरून निघते. चष्म्यातले चौकोनही उंचीमुळे बहुधा जातील. न गेल्यास चष्म्याच्या दांड्या कानांवर किंचित उचलाव्यात. आजींची खुर्ची भिंतीपासून शक्य तितकी पुढे घेतल्यास सध्याच्या लेन्सवरही भिंत बऱ्यापैकी धूसर होईल.

शटर आहे तसेच राहू द्यावे. असे एक चित्रीकरण करून त्यातली एक चौकट (फ्रेम) येथे दाखवावी. बुबुळांत दिव्याचा ठिपका कुठे पडला आहे, ते पाहून पुढचे सांगता येईल.