दुर्बिणीचा विदा (डेटा) पहिल्या दिवसापासून खुला हवा, की वर्षभर राखीव?

मृगशीर्ष (धागाकर्ता)

अलकनंदा दीर्घिकेची बातमी बहुतेकांनी वाचली असेल. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोल संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांत ती शोधली. महास्फोटानंतर जेमतेम दीडशे कोटी वर्षांत, जेव्हा सगळा गोंधळच असायला हवा होता, तेव्हा दोन रेखीव सर्पिल भुजा असलेली पूर्ण वाढलेली दीर्घिका. आपली ती मंदाकिनी, म्हणून तिची बहीण अलकनंदा. नाव छानच आहे.

बातम्यांत एक गोष्ट मात्र कोपऱ्यात गेली. ती छायाचित्रं दुसऱ्याच गटांनी मागितलेल्या वेळात, अबेल २७४४ या दीर्घिकासमूहाकडे दुर्बीण वळवून घेतली होती, आणि त्यांनी ती सगळ्या जगासाठी खुली ठेवली होती. पुण्यात बसून कुणीतरी नीट पाहिलं आणि मिळालं.

आता वेबचा सर्वसाधारण नियम बघा. ज्यांचा प्रस्ताव मंजूर होतो त्यांना त्यांचा विदा १२ महिने एकट्याला वापरता येतो, त्यानंतर तो जगाला मिळतो. मोठ्या कार्यक्रमांना असा राखीव काळ मुळात नसतो, लहान-मध्यम प्रस्तावांना असतो. हबलला तो आता सहा महिने आहे. बाह्यग्रह (इतर ताऱ्यांभोवतीचे ग्रह) शोधणाऱ्या टेस दुर्बिणीला तर नाहीच. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान कार्यालयानं सरकारी पैशातलं संशोधन विनाविलंब खुलं करा असं पत्रक काढलं, तेव्हा वेबचाही राखीव काळ जाणार अशी चर्चा सुरू झाली आणि बऱ्याच खगोलशास्त्रज्ञांनी कडाडून विरोध केला.

मला हा विरोध पटत नाही. डिसेंबर १९९५ मध्ये हबलच्या संस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी आपल्या अखत्यारीतली वेळ सप्तर्षींजवळच्या एका रिकाम्या दिसणाऱ्या तुकड्यावर लावली. दहा दिवस, ३४२ छायाचित्रं. नावाजलेले लोक म्हणत होते, काही दिसणार नाही, वेळ फुकट जाईल. दिसल्या सुमारे तीन हजार दीर्घिका. विल्यम्सनी तो विदा कपाटात ठेवला नाही, काही आठवड्यांत जगापुढे टाकला. हे तीस वर्षांपूर्वी जमलं, तर आज का नाही? दुर्बीण लोकांच्या पैशाची, फोटॉन कुणाच्याच मालकीचे नाहीत.

पीएचडी_चालू

फोटॉन कुणाचेच नाहीत हे वाक्य भाषणात टाळ्या घेईल. पण दुर्बीण कुठे, किती वेळ, कुठल्या उपकरणानं आणि का वळवायची, ही कल्पना कुणाची तरी असते.

मी नेदरलँड्समध्ये बाह्यग्रहांच्या वातावरणावर काम करते. वेबच्या वेळवाटपाच्या चौथ्या फेरीला २३७७ प्रस्ताव आले, मागितलेली वेळ सुमारे ७८ हजार तास. उपलब्ध वेळेच्या नऊपट. त्यातून तुमचा निवडला गेला की त्याचं शीर्षक, सारांश, कुठला तारा, कुठलं उपकरण, सगळं जाहीर होतं. कुठल्या आठवड्यात निरीक्षण होणार हेही वेळापत्रकात दिसतं. म्हणजे राखीव काळ काढलात तर तुमची कल्पना, तुमचं लक्ष्य आणि तुमची तारीख तिन्ही चौकात टांगलेली. तीस जणांचा, तयार सॉफ्टवेअर असलेला गट त्या रात्री फाइल उतरवून घेईल आणि दोन आठवड्यांत लेख टाकेल. मी एकटी, वर मार्गदर्शक शिकवण्यात अडकलेले.

हे काल्पनिक नाही. माझ्या एका सहकारी मुलीच्या बाबतीत झालंय, दुसऱ्या एका खुल्या मोहिमेच्या विद्यावर. कोण, कुठला गट, सांगणार नाही. तिच्या प्रबंधाचं मधलं प्रकरण पाच दिवसांत शिळं झालं.

चहाबाज

अवांतर: "विदा"चं सामान्यरूप "विद्या" होतं का हो? "विद्यावर" वाचून मला वाटलं कुणा विद्याताईंवर अन्याय झालाय.

बाकी शेत आपण नांगरायचं आणि पीक शेजाऱ्यानं कापायचं, हे शेतकऱ्याला विचारा कसं वाटतं. पीएचडीताईंना +१.

कोडकीटक

चहाबाज, शेताची उपमा इथे बसत नाही. पीक कापलं की संपतं. फाइल हजारदा उतरवली तरी तिथेच असते.

ताईंचं दुःख खरं आहे, पण ते दुःख दुर्बिणीचं नाही. "पहिला कोण" यावर नोकऱ्या वाटणाऱ्या विद्यापीठांचं आहे. रोग तिकडे आणि मलमपट्टी इकडे. वर्षभर कुलूप लावलं म्हणून निवड समित्या शहाण्या होत नाहीत.

पीएचडी_चालू

@कोडकीटक, विद्यापीठं सुधारेपर्यंत मी काय करायचं? मलमपट्टी काढून रक्त वाहू द्यायचं?

अश्विनी_नक्षत्र

मी संशोधक नाही, पण इस्रोच्या अंतराळ दुर्बिणीच्या, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसॅटच्या उपकरणांवर काम करणारी माणसं मी पुण्या-मुंबईत जवळून पाहिली आहेत. २८ सप्टेंबर २०१५ ला ते यान उडालं, त्याच्या आधीची कित्येक वर्षं त्यांनी शोधाचा एक लेखही न लिहिता घालवली. डिटेक्टर तपासा, कंपन-चाचणी द्या, परत उघडा, परत तपासा. अशांना सुरुवातीला हमीची वेळ आणि थोडा राखीव काळ द्यायचा नाही, तर पुढचं उपकरण बनवायला कोण येईल? वेबचंही तसंच. एनआयआरकॅम कॅमेऱ्यासाठी अ‍ॅरिझोनाच्या मार्सिया रीकी यांच्या गटानं जवळपास दोन दशकं दिली. त्या बदल्यात मिळालेल्या तासांतून दूरच्या दीर्घिका शोधणारी जेड्स ही मोहीम उभी राहिली.

आता मुख्य मुद्दा. पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेतल्या कनक साहा यांच्या गटानं अ‍ॅस्ट्रोसॅटच्या अतिनील दुर्बिणीनं ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतून येणारे तीव्र अतिनील किरण पकडले. निरीक्षण ऑक्टोबर २०१६ मध्ये, २८ तासांहून जास्त. लेख आला ऑगस्ट २०२० मध्ये. तो प्रकाश खरंच त्याच दीर्घिकेचा आहे, मधल्या कुठल्या चुकार वस्तूचा नाही, याची खात्री करण्यातच जवळजवळ दोन वर्षं गेली. अडतीस सेंटिमीटरच्या आरशावर पडलेले मोजके फोटॉन, हबललाही न दिसलेले. इथे घाई केली असती तर? मागे लांडगे लागले असते तर हाच लेख सहा महिन्यांत अर्धा कच्चा बाहेर आला असता, आणि मग "भारतीयांची चूक" अशा बातम्या.

मृगशीर्ष

उदाहरण चांगलं आहे, पण ते माझ्या बाजूनंही वाजतं. साहांच्या गटानं तो तुकडा का निवडला? कारण तिथे हबलची अतिखोल छायाचित्रं होती, सगळ्यांना खुली. तो खुला विदा नसता तर कुठल्या दीर्घिकेचे किरण, हे ठरवणार कशावरून?

शिवाय अ‍ॅस्ट्रोसॅटचा संग्रहही २०१८ पासून जगाला खुला आहेच. त्यानं कुणाचं काही बिघडलेलं दिसलं नाही.

अश्विनी_नक्षत्र

खुला आहे, पण ज्याचा प्रस्ताव त्याला आधी मुदत मिळाल्यानंतर. मी कायमचं कुलूप लावा म्हणत नाहीये. आंबा पिकेपर्यंत आढीत राहू द्या एवढंच.

हबलपंथी

घाईवरून बोलणं निघालंय तर जुलै २०२२ आठवा. १२ जुलैला वेबची पहिली छायाचित्रं आली, आणि खुल्या मोहिमांच्या फाइलींवर लोक तुटून पडले. दर दोन दिवसांनी नवा विक्रम. "सर्वांत दूरची" दीर्घिका सकाळी वेगळी, संध्याकाळी वेगळी. एडिंबरोच्या गटाला सीअर्स या खुल्या मोहिमेच्या छायाचित्रांत एक ठिपका सापडला, सीअर्स-९३३१६. रंगांवरून काढलेली रेडशिफ्ट (प्रकाश किती ताणला गेला याचं माप, जितकी जास्त तितकी दीर्घिका दूरची) १६ च्या वर, म्हणजे महास्फोटानंतर साधारण २५ कोटी वर्षं. पुढे वर्णपट (प्रकाशाची रंगांनुसार फोड) घेतला तर रेडशिफ्ट निघाली ४.९. म्हणजे सुमारे १२० कोटी वर्षं. धूळ आणि ठळक उत्सर्जन रेषा यांनी मिळून दूरच्या दीर्घिकेचं सोंग घेतलं होतं.

त्या काळात कॅमेऱ्याचं प्रमाणीकरणही पक्कं झालेलं नव्हतं. जुलै संपेपर्यंत प्रखरतेचे आकडेच बदलले. ज्यांनी घाईनं लेख टाकले त्यांना परत गणितं करावी लागली.

याउलट जेड्सवाले. राखीव विदा घेऊन शांत बसले. डिसेंबरमध्ये थेट वर्णपटासकट चार दीर्घिका जाहीर केल्या, एक रेडशिफ्ट १३.२ ची. ती टिकली.

कोडकीटक

@हबलपंथी, अर्धीच गोष्ट सांगितलीत. सीअर्स-९३३१६ ची चूक पकडली कुणी? छायाचित्रं खुली होती म्हणून त्या ठिपक्यावर अनेक गटांची नजर होती, आणि "हा जवळचाही असू शकतो" अशी शंका वर्णपट यायच्या आधीच लेखांत छापून आली होती. मग संचालकांच्या अखत्यारीतल्या वेळेतून वर्णपट घेतला गेला आणि आठ-नऊ महिन्यांत निकाल लागला. त्याच फेरीत मेझीची दीर्घिकाही तपासली गेली (स्टीव्हन फिंकलस्टीन यांच्या मुलीच्या वाढदिवशी सापडली म्हणून तिचं नाव) आणि ती ११.४ वर पक्की ठरली. म्हणजे त्याच गर्दीतून, त्याच घाईत, एक खोटी आणि एक खरी.

माझा प्रश्न असा: ही चूक बंद दाराआड झाली असती तर ती पकडायला किती वेळ लागला असता? के२-१८बी घ्या. १२४ प्रकाशवर्षांवरच्या त्या ग्रहावर डायमिथाइल सल्फाइडची खूण दिसते, पृथ्वीवर ते सजीवांपासून बनतं, असं केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटानं एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलं. जगभर मथळे. काही आठवड्यांत इतरांनी तीच निरीक्षणं आपापल्या पद्धतीनं तपासली आणि म्हणाले, खूण इतकी ठोस दिसत नाही. हे मथळ्यांच्या आधी झालं असतं तर बरं नसतं का?

पीएचडी_चालू

हा माझ्या घरचाच विषय, म्हणून थोडं लांब लिहिते.

के२-१८बी मध्ये वाद राखीव काळाचा नव्हताच. वाद आहे इवल्याशा संकेतातून काय वाचायचं याचा. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश किंचित कमी होतो. वातावरणातल्या वायूंमुळे ती घट रंगागणिक जी बदलते ती लाखात काही भाग एवढीच. उपकरणाचा स्वतःचा हेलकावा कधीकधी त्याहून मोठा. तो हेलकावा काढायची पद्धत बदलली की खूण येते किंवा जाते. हे शिकायलाच मला पहिलं दीड वर्ष लागलं. खुल्या शर्यतीत माझ्यासारखीनं एकतर न शिकता धावायचं, नाहीतर धावायचंच नाही.

आणि जिंकतं कोण ते बघा. ज्याच्याकडे पोस्टडॉक्सची फौज आहे. ज्याच्या घरी लहान मूल आहे, ज्याला आठवड्याला सोळा तास शिकवायचं आहे, ज्याचं कॉलेज इचलकरंजीत आहे, तो नाही. "सगळ्यांना खुलं" म्हणजे "सगळ्यांना समान" असं तुम्ही धरून चालला आहात.

मृगशीर्ष

इचलकरंजीच्या प्राध्यापकाला राखीव काळाचा तरी काय उपयोग? नऊपट मागणी असलेल्या दुर्बिणीवर त्याला वेळ मिळण्याची शक्यता किती? आता निनावी छाननी आहे, प्रस्तावावर नाव-संस्था दिसत नाही, हे मान्य. तरी त्याची खरी संधी संग्रहातच आहे. अलकनंदा हेच सांगते.

पीएचडी_चालू

संग्रहातली अलकनंदा एका वर्षानं पळून जात नाही! ती बाराशे कोटी वर्षं वाट बघत होती. नेमक्या प्रश्नासाठी आखलेलं नऊ तासांचं निरीक्षण मात्र एकदाच नवं असतं. मोठ्या सर्वेक्षणांत हजारो वस्तू, शंभर प्रश्न, तिथे खुलंच हवं, माझी काही तक्रार नाही. छोट्या प्रस्तावात वस्तू एक आणि प्रश्नही एक.

बांधावरचा

दहा अब्ज डॉलर. इथे टँकर येत नाही. चालू द्या.

मृगशीर्ष

@बांधावरचा, टँकरवर वेगळा धागा काढा, तिथे मी तुमच्या बाजूनं लिहीन.

@पीएचडी_चालू, मोठ्या आणि छोट्या कार्यक्रमांत फरक करायचा हे तुमचं म्हणणं मला आता पटतंय. धागा काढताना मी दोन्ही एकाच पोत्यात भरले होते. पण बारा महिने जास्तच वाटतात. हबलसारखे सहा करा, आणि ज्या विद्यार्थ्याचा प्रबंध त्यावर आहे त्याला मागितल्यास वाढवून द्या.

हबलपंथी

सहा महिन्यांत प्रमाणीकरणच दोनदा बदलतं.

कोडकीटक

मी शून्यावरच ठाम. गॅमा किरणांची अंतराळ दुर्बीण फर्मी बघा. पहिलं वर्ष सोडलं तर गॅमा किरणांचा सगळा विदा लगेच खुला, आणि त्या क्षेत्रातल्या विद्यार्थ्यांचे प्रबंध काही अडलेले नाहीत.

पीएचडी_चालू

फर्मी सगळं आकाश सतत बघते. तिथे "माझा तारा" असं काही नसतंच. तुलना चुकली.

गणिताचे_मास्तर

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. सत्तरीत पोचलेल्या माणसाला वर्षभर थांबा म्हणणं तसं जिवावर येतं, तरी मत देण्याएवढं मला कळत नाही. विचारायचं वेगळंच आहे. आमच्या शाळेत (सोलापूर जिल्हा) शनिवारी मुलांचं आकाशमंडळ भरतं. राखीव नसलेल्या ज्या फाइली आहेत, त्या आमच्यासारख्यांना खरंच मिळतात का? की ओळखपत्र, परवानगी, पैसे लागतात?

पीएचडी_चालू

मास्तर, काहीच लागत नाही. बाल्टिमोरच्या संस्थेचा मास्ट नावाचा संग्रह आहे, खुल्या फाइलींना नोंदणीही नको. नावाच्या शेवटी "आय२डी" असलेली फाइल शोधा, ती तयार जोडलेली प्रतिमा असते. कच्च्या फाइलींच्या नादी लागू नका. उघडायला डीएस९ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. सुरुवातीला सगळा पडदा काळा दिसेल. स्केल "लॉग" करा, मग दीर्घिका वर येतील. एकेक फाइल काही जीबीची असते, शाळेचं नेट कसं आहे?

गणिताचे_मास्तर

नेट आहे असं कागदावर आहे.

पीएचडी_चालू

मग राहू द्या. दिवाळीला मी पंढरपूरला मामाकडे येतेय. अबेल २७४४ पेनड्राइव्हवर घालून आणते, त्यातली अलकनंदा मुलांनाच शोधू दे. व्यक्तिगत निरोपात शाळेचा पत्ता पाठवा.

कोडकीटक

म्हणजे ताई खुला विदा वाटणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पीएचडी_चालू

दुसऱ्यांचा, हो. माझा मेमध्ये मिळेल.